शहराच्या खुल्या डेटावर नागरिकांसाठी ॲप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बसच्या वेळा, रस्त्यांच्या तक्रारी, झाडांची गणना, खोदकामाच्या परवानग्या अशा गोष्टींचा जो डेटा शहराचे प्रशासन प्रसिद्ध करते, त्यावर नागरिकांच्या उपयोगाचे ॲप करू पाहणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत. प्रोग्रामिंग येणाऱ्या व्यक्तीला ॲप उभे करणे फारसे अवघड जात नाही. गाडी अडते ती डेटाचा अर्थ लावताना, त्यामुळे उत्तरांचा भरही तिथेच अधिक आहे.

प्रशासनाच्या संकेतस्थळावर दिसणारी माहिती आपोआप 'खुली' ठरते का?

नाही. माहिती वाचायला मिळणे वेगळे आणि ती घेऊन त्यावर काही उभारण्याची मुभा असणे वेगळे. डिसेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील सेबॅस्टोपोल येथे जमलेल्या सुमारे तीस जणांनी खुल्या सरकारी डेटाची आठ तत्त्वे लिहून काढली. डेटा संपूर्ण असावा, मूळ स्वरूपात असावा, वेळेवर मिळावा, सर्वांना मिळवता यावा, यंत्राला वाचता यावा, त्यासाठी नावनोंदणीची अट नसावी, त्याच्या फाइलचे स्वरूप कोणा एकाच्या मालकीचे नसावे आणि त्यावर परवान्याची बंधने नसावीत, अशी ती तत्त्वे आहेत. आठही निकषांवर उतरणारा माहितीसंच क्वचितच हाती लागतो. फाइल यंत्राने वाचता येत असेल आणि पुनर्वापराची परवानगी कुठेतरी लेखी दिलेली असेल, तर कामाला लागायला हरकत नाही. स्कॅन करून चढवलेले पीडीएफ यातल्या पहिल्याच अटीवर बाद होते.

आधी ॲपची कल्पना ठरवावी की आधी उपलब्ध डेटा पाहावा?

रहिवाशाच्या तोंडचा एखादा साधा प्रश्न आधी कागदावर लिहावा आणि मग त्याचे उत्तर कोणत्या माहितीसंचाच्या कोणत्या स्तंभात आहे ते शोधावे. 'माझ्या रस्त्यावर काय घडले?' हा तसा एक प्रश्न. शिकागोच्या पोलिसांच्या संकेतस्थळावर गुन्ह्यांच्या नोंदी पूर्वीपासून होत्या, पण त्या रस्त्यानुसार, विभागानुसार किंवा गुन्ह्याच्या प्रकारानुसार सहज चाळण्याची सोय नव्हती. एड्रियन होलोव्हाटी या पत्रकार-प्रोग्रामरने २००५ मध्ये त्याच नोंदी गूगलच्या नकाशावर मांडल्या आणि या प्रकारच्या कामाला एक ठळक नमुना मिळाला. त्यात नवी माहिती एकही नव्हती.

'डेटा आहे, तर त्याचे काहीतरी करू' या विचारातून जन्मलेली ॲप बहुधा नकाशावर ठिपके दाखवून थांबतात. ठिपका पाहून माणसाने पुढे काय करायचे, हे त्यात ठरलेलेच नसते.

फाइल उतरवून घेतली. आता पहिले काम कोणते?

प्रत्येक नोंद मुळात कोणत्या कामासाठी झाली, हे शोधून काढणे. प्रशासनातला जवळजवळ कोणताही माहितीसंच नागरिकांसाठी तयार झालेला नसतो. तो देयक मंजूर करण्यासाठी, तक्रार दुसऱ्या विभागाकडे ढकलण्यासाठी किंवा महिनाअखेरचा अहवाल भरण्यासाठी तयार झालेला असतो. एक काल्पनिक ओळ पाहू. तक्रार क्रमांक ४४१७. वर्ग 'रस्ता, खड्डा'. नोंद १२ जून, सकाळी ९.१४, समाप्ती १२ जून, सकाळी ११.०२, स्थिती 'बंद'. वाचणाऱ्याला वाटते की खड्डा दोन तासांच्या आत बुजवला गेला. प्रत्यक्षात 'बंद' या शब्दामागे चार वेगवेगळ्या घटना असू शकतात. खड्डा खरोखर बुजवला असेल. पाहणीला गेलेल्या माणसाला तो सापडला नसेल. त्याच खड्ड्याची तक्रार आधीच आलेली असल्याने ही नोंद तिच्यात विलीन केली असेल. किंवा तो रस्ता दुसऱ्याच यंत्रणेच्या ताब्यात असल्याने तक्रार तिकडे पाठवून या खात्याने आपल्यापुरती फाइल मिटवली असेल. या चारही घटना 'निराकरण झाले' अशा हिरव्या खुणेखाली दाखवणारे ॲप ज्याच्या दारातला खड्डा अजून तसाच आहे त्या माणसाला खोटे सांगत असते आणि तो माणूस ते ॲप पुन्हा उघडत नाही.

स्तंभांच्या अर्थाची सूची सोबत दिलेली असेल तर ती आधी वाचावी, आणि शक्य असेल तर ही नोंद प्रत्यक्ष भरणाऱ्या कर्मचाऱ्याशी अर्धा तास बोलावे. त्या अर्ध्या तासात जे कळते ते कोणत्याही दस्तऐवजात लिहिलेले नसते, असा आमचा अनुभव आहे.

त्यानंतर फाइलची कोरडी तपासणी करावी. प्रत्येक स्तंभात कोणती मूल्ये किती वेळा येतात, किती जागा रिकाम्या आहेत, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख कोणती, एकच क्रमांक दोनदा आला आहे का, हे मोजावे. १ जानेवारी १९०० ही तारीख दिसली तर तिचा अर्थ बहुधा 'तारीख माहीत नाही' एवढाच असतो. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे फाइलमध्ये बारापेक्षा मोठा आकडा कोणत्या जागी येतो ते पाहून ठरवता येते. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल एक्सेलमध्ये सहज म्हणून उघडून तशीच जतन करू नये, कारण तेवढ्यात क्रमांकांच्या सुरुवातीची शून्ये गळतात. ओळींची संख्याही मूळ संख्येशी ताडून पाहावी. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपात ६५,५३६ ओळींपेक्षा अधिक मावत नाहीत, आणि या मर्यादेपायी २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळाले होते.

सार्वजनिक वाहतुकीचे ॲप करायचे आहे. वेळापत्रकाचा डेटा कसा मिळतो?

या क्षेत्रात जीटीएफएस (जनरल ट्रान्झिट फीड स्पेसिफिकेशन) ही वेळापत्रकाच्या फाइलींची रचना जगभर रुळली आहे. तिची सुरुवात २००५ मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने गूगलसोबत केली. संस्थेच्या वतीने त्यात बिबियाना मकह्यू यांनी पुढाकार घेतला होता. नावातला 'जी' आरंभी 'गूगल'चा होता, पुढे तो 'जनरल'चा झाला. रचना अगदी साधी आहे: थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्यावरील वेळा आणि सेवेचे दिवस यांच्या काही मजकूर-फाइली एका झिप फाइलमध्ये बांधलेल्या असतात.

नवशिक्यांची फसगत काही ठरावीक जागी होते. थांब्यावरील वेळेत २५:१०:०० असा आकडा दिसला तर ती चूक समजून काढून टाकू नये. मध्यरात्रीनंतर धावणारी फेरी आदल्या दिवसाच्या सेवेत मोजली जाते, म्हणून पहाटेचे एक वाजून दहा मिनिटे असे लिहिले जातात. आठवड्याचे वार एका फाइलीत असतात, तर सुट्ट्या आणि जादा सेवेचे अपवाद दुसऱ्या. अपवादांची फाइल वाचायची राहिली की ॲप सणाच्या दिवशीही नेहमीच्या बस दाखवत राहते आणि माणसे थांब्यावर ताटकळतात. तिसरी गोष्ट म्हणजे वेळापत्रक म्हणजे केवळ योजना. बस आत्ता कुठे आहे हे त्यातून कळत नाही. त्यासाठी २०११ मध्ये आलेली जीटीएफएस रिअलटाइम ही वेगळी रचना आहे. ती उपलब्ध नसेल तर पडद्यावर 'येत आहे' असे न लिहिता 'वेळापत्रकानुसार' असे स्पष्ट लिहावे.

नकाशावर खुणा भलत्याच ठिकाणी का उमटतात?

बहुतेक वेळा अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालेली असते. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, पण नकाशावरच्या जागा फाइलीत लिहिण्याच्या, २०१६ मध्ये प्रमाणित झालेल्या जिओजेसन रचनेत रेखांश आधी लिहायचा असतो. रिकाम्या जागी शून्य भरले गेले असेल तर खूण आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश आणि शून्य रेखांशावर जाऊन पडते. नकाशे करणाऱ्यांनी त्या जागेला गमतीने 'नल आयलंड' असे नाव दिले आहे. तिथे एकही बेट नाही, पण जगभरातली अनेक झाडे आणि अग्निशमन नळ त्या पाण्यात उभे असतात. सहा-सात आकडी संख्या दिसल्या तर त्या अंशांत नसून मीटरमध्ये आहेत असे समजावे आणि आधी योग्य प्रक्षेपणातून (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीतून) त्यांचे अंशांत रूपांतर करून घ्यावे.

या चुका निदान डोळ्यांना दिसतात. पत्त्यावरून स्थान शोधणाऱ्या सेवेला पत्ता सापडला नाही की ती काही वेळा शहराचा मध्यबिंदू उत्तर म्हणून देते, ही गोष्ट मात्र लपून राहते. मग शहराच्या मध्यभागी एकाच चौकात शेकडो तक्रारी जमतात आणि कोणीतरी त्या चौकाच्या दुरवस्थेवर लेखही लिहून टाकतो. स्थान किती अचूक आहे, हे ती सेवा वेगळ्या खुणेने सांगत असते. तो स्तंभ टाकून देऊ नये.

तक्रारी ॲपमधून थेट प्रशासनाकडे पाठवता येतात का?

जिथे ओपन३११ ही रचना स्वीकारलेली आहे तिथे येतात. तातडीच्या नसलेल्या कामांसाठी ३११ हा दूरध्वनी क्रमांक १९९६ मध्ये बाल्टिमोरमध्ये सुरू झाला आणि त्याच कल्पनेचे डिजिटल रूप म्हणून पुढे ओपन३११ आले. तक्रारींचे प्रकार विचारणे, तक्रार दाखल करणे आणि तिची स्थिती तपासणे या गोष्टी त्यातून करता येतात.

अशी सोय नसली तरी मार्ग बंद होत नाही. मायसोसायटी या संस्थेने ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू केलेले 'फिक्समायस्ट्रीट' नकाशावर दाखवलेल्या जागेवरून ती कोणत्या स्थानिक परिषदेच्या हद्दीत येते हे ओळखते आणि तक्रार साध्या ईमेलनेही पाठवू शकते. हद्द कोणाची, हे नागरिकाला ठाऊक असण्याची गरजच त्यांनी ठेवली नाही. प्रशासनाकडे एपीआय (ॲपला प्रशासनाच्या सर्व्हरशी थेट देवाणघेवाण करू देणारी सोय) येईपर्यंत थांबून राहण्यापेक्षा हा विचार आम्हाला अधिक मोलाचा वाटतो.

परवाना का तपासायचा? डेटा तर सार्वजनिकच आहे.

कारण 'सार्वजनिक' या शब्दाला कायद्यात एकच अर्थ नाही. अमेरिकेच्या संघीय सरकारी कामांवर त्या देशात स्वामित्वहक्क लागू होत नाही, पण ती सवलत तिथल्या शहरांना आपोआप मिळत नाही. युरोपीय संघात १९९६ च्या निर्देशानुसार माहितीसंग्रहावर वेगळा हक्क असू शकतो. ब्रिटनचा ओपन गव्हर्न्मेंट लायसन्स २०१० पासून आणि भारताचा गव्हर्न्मेंट ओपन डेटा लायसन्स २०१७ पासून आहे. दोन्ही स्रोताचा उल्लेख करण्याच्या अटीवर व्यावसायिक वापरासही मुभा देतात.

अडचण बहुधा डेटा एकत्र करताना येते. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या खुल्या नकाशाच्या ओडीबीएल परवान्यात अशी अट आहे की, त्याच्या माहितीतून घडवलेला नवा माहितीसंग्रह सार्वजनिकपणे वापरला, तर तोही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. प्रशासनाच्या डेटाच्या अटी याच्याशी जुळत नसतील तर दोन्ही एकाच संग्रहात मिसळू नयेत. परवान्याचा उल्लेखच नसेल तर ईमेल लिहून विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.

नावे काढून टाकली की डेटा निनावी होतो का?

होत नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. २०१४ मध्ये तिथल्या २०१३ मधील सुमारे १७ कोटी ३० लाख टॅक्सी-फेऱ्यांच्या नोंदी माहिती-अधिकाराखाली बाहेर आल्या. टॅक्सीचा क्रमांक आणि चालकाचा परवाना क्रमांक यांच्या जागी एमडी५ पद्धतीने काढलेला सांकेतिक मजकूर घातला होता. परंतु या क्रमांकांचे साचे ठरलेले असल्याने शक्य असलेले सर्व क्रमांक मोजकेच होते. एका प्रोग्रामरने त्या सगळ्यांचे संकेत काढून ते फाइलशी जुळवले आणि काही तासांत मूळ क्रमांक उघडे पडले. पाठोपाठ, छायाचित्रांत टॅक्सीत बसताना दिसलेल्या प्रसिद्ध व्यक्तींच्या फेऱ्याही शोधल्या गेल्या.

ॲप करणाऱ्याने प्रशासनाने जे प्रसिद्ध केले त्यापेक्षा कमीच दाखवावे, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. शिकागोचे पोलीस गुन्ह्याचा पत्ता इमारतीऐवजी रस्त्याच्या तुकड्यापुरताच देतात. इंग्लंड आणि वेल्समधील पोलिसांच्या नकाशावर गुन्हा जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवलेला असतो आणि त्या बिंदूच्या परिसरात एक तर किमान आठ पत्ते असावे लागतात, नाहीतर एकही नसावा लागतो. तक्रारीच्या मोकळ्या मजकुराची तर विशेष काळजी घ्यावी. 'दुसऱ्या मजल्यावरचे अमुक गृहस्थ रोज कचरा टाकतात' अशी वाक्ये त्यात सर्रास असतात. तो स्तंभ मुळात घेऊच नये.

तक्रारींच्या संख्येवरून शहरातील भागांची तुलना करता येईल का?

फार जपून करावी लागेल. तक्रारींची संख्या प्रश्न किती आहेत यापेक्षा तक्रार करणारे किती आहेत हे अधिक सांगते. बॉस्टनमधील 'स्ट्रीट बम्प' हे ॲप फोनच्या हालचालीवरून गाडीला बसलेला धक्का टिपत असे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आणि गाडी दोन्ही आहेत त्यांच्याच रस्त्यांचे खड्डे यातून पुढे येतील, ही शंका तेव्हाच घेतली गेली, आणि म्हणून तिथल्या प्रशासनाने ते आधी सर्व भागांत फिरणाऱ्या आपल्याच कर्मचाऱ्यांच्या हाती दिले. तुलना करायचीच असेल तर लोकसंख्या किंवा रस्त्यांची लांबी यांच्या प्रमाणात करावी आणि 'सर्वांत वाईट विभाग' अशा याद्या टाळाव्यात.

एपीआय वापरावी की पूर्ण फाइल उतरवून घ्यावी?

दर मिनिटाला बदलणाऱ्या गोष्टींसाठी एपीआय, बाकी सर्वासाठी फाइल. वापरकर्त्याच्या प्रत्येक स्पर्शाला प्रशासनाच्या सर्व्हरकडे धाव घेणारे ॲप तो सर्व्हर झोपला की स्वतःही झोपते. रात्री एकदा फाइल उतरवून आपल्याकडे प्रत ठेवावी आणि पडद्यावर 'माहिती अमुक तारखेपर्यंतची' असे ठळक लिहावे. नवी फाइल आधीच्या फाइलीच्या निम्म्याहून लहान असेल तर ती स्वीकारू नये आणि कोणाला तरी सूचना जावी, एवढी एक अट घालून ठेवली तरी अनेक पहाटेचे फोन वाचतात.

डेटामध्ये चूक सापडली तर आपल्या प्रतीत दुरुस्त करावी का?

करावी, पण तेवढ्यावर थांबू नये. मूळ जागी ती चूक राहिली तर पुढच्या रात्री तीच पुन्हा उतरून येते. दुरुस्त्या वेगळ्या फाइलीत नोंदवाव्यात, म्हणजे आपण काय बदलले ते इतरांना दिसते, आणि ती यादी प्रशासनाला पाठवावी. पाठवताना 'तुमचा डेटा सदोष आहे' असे न लिहिता नोंदींचे क्रमांक, सापडलेले मूल्य आणि अपेक्षित मूल्य असा तक्ता द्यावा. समोरच्या कर्मचाऱ्याला तो तसाच वरिष्ठांपुढे ठेवता येतो.

कधी कधी चूक डेटात नसते, कामकाजात असते. न्यूयॉर्कमध्ये रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांना न जोडलेल्या, पदपथाच्या काही उतारांसमोर गाडी लावणे कायदेशीर झाले होते, तरी तिथे दंड आकारला जात असल्याचे डेटा-विश्लेषक बेन वेलिंग्टन यांनी २०१६ मध्ये शहराच्याच खुल्या डेटावरून दाखवून दिले. पोलिसांनी ती चूक मान्य केली आणि आपल्या अधिकाऱ्यांना नियम नव्याने समजावून देण्याचे जाहीर केले.

ॲपच्या स्पर्धेत भाग घेणे उपयोगाचे आहे का?

ओळखी होण्यासाठी आणि डेटाची पहिली झलक मिळण्यासाठी जरूर आहे. वॉशिंग्टन शहराने २००८ मध्ये घेतलेल्या 'ॲप्स फॉर डेमॉक्रसी' स्पर्धेत तीस दिवसांत ४७ ॲप आली आणि शहराचा खर्च सुमारे ५० हजार डॉलर झाला. त्या आकड्यांवर भुलून अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले. पण पहिल्या पारितोषिकानंतर डेटाची रचना बदलली की ॲप दुरुस्त कोण करणार, याचे उत्तर स्पर्धेच्या नियमांत नसते. भाग घेण्यापूर्वी दोन वर्षांच्या देखभालीची जबाबदारी घेणारे माणूस गटात आहे का, ते पाहावे.

मोबाइल ॲपच हवे का?

बहुधा नको. वर्षातून दोनदा लागणाऱ्या माहितीसाठी कोणी ॲप बसवत नाही. फोनवर नीट उघडणारे, मंद जोडणीवरही चालणारे वेबपान पुरते. बसच्या वेळांसारखी रोजची गरज असेल तरच ॲपचा विचार करावा. दोन्ही ठिकाणी अर्थ केवळ रंगातून सांगू नये आणि अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक किमान ४.५ : १ ठेवावा.

नागरिकांना केवळ पाहण्याऐवजी काही करता यावे, असे ॲप कसे असते?

बॉस्टनमध्ये बर्फाखाली गाडले जाणारे अग्निशमन नळ मोकळे ठेवण्यासाठी कोड फॉर अमेरिका या ना-नफा संस्थेच्या एका सहकाऱ्याने 'अडॉप्ट अ हायड्रंट' तयार केले. नकाशावरचा एखादा नळ आपल्या नावावर घ्यायचा आणि बर्फ पडले की तो उकरून काढायचा, एवढेच त्यात होते. त्याचा कोड खुला असल्याने होनोलुलूने तोच त्सुनामीचे भोंगे तपासण्यासाठी वापरला, तर ओकलंडने पावसाच्या पाण्याच्या गटारांसाठी. तिन्ही ठिकाणी डेटा म्हणजे स्थानांची एक साधी यादी होती. प्रत्येक जागेपाशी माणसाला स्वतःच्या हाताने करता येईल असे एक छोटे काम असल्यामुळेच ती कल्पना इतक्या सहज दुसरीकडे रुजली.

ॲप पुढे चालवणे शक्य नसेल तर ते कसे बंद करावे?

आगाऊ सांगून. शिकागोच्या गुन्हे-नकाशाच्या अनुभवातून २००८ मध्ये उभे राहिलेले 'एव्हरीब्लॉक' हे परिसरातील बातम्या आणि चर्चांचे संकेतस्थळ फेब्रुवारी २०१३ मध्ये पूर्वसूचना न देता बंद झाले आणि शेजाऱ्यांनी तिथे वर्षानुवर्षे केलेली चर्चा त्यांना जतन करून घेण्याचीही संधी मिळाली नाही. बंद करण्याची तारीख काही महिने आधी पडद्यावर लावावी, नागरिकांनी भरलेली माहिती त्यांना उतरवून घेता यावी, कोड आणि दुरुस्त्यांची यादी खुल्या परवान्याखाली ठेवावी आणि ज्या खात्याचा डेटा वापरला त्यालाही कळवावे. डेटा येणे थांबले असताना ॲप मात्र सुरूच ठेवू नये. जुने वेळापत्रक दाखवणारे ॲप फोनमध्ये राहिले, तर कोणीतरी त्यावर विसंबून रात्रीच्या शेवटच्या बसची वाट पाहत उभे राहते.